आठ पावलं

“मॅडम, तुमचं हे मधलं रजेवर गेलं तर?” विचारलंच तिनं! वर्गात पाहुणी म्हणून आलेल्या आपल्याच आईला ‘मॅडम’ म्हणून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

आईच्या चिमटीत खडूचा तुकडा, नखाएवढा... फळ्यावर एका टोकाला रुग्णालयातली यंत्रं, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांचे संगणक आणि मध्ये आईचं सॉफ्टवेअर, याचं म्हणणं त्याला समजेल असं करून पोचवणारं. ते कधीच बंद ठेवता येत नाही; आई फक्त कुणाचा निरोप कुणाकडे कसा जायचा, त्याचा नकाशा बदलते, आणि चालता चालता ते स्वतःला नकाशाबरहुकूम बदलून घेतं.

“रजा कुठली?” आई हसली. “ते इतकं सांभाळून घेतं ना, की टोकांना कळतही नाही, आपण एकमेकांशी बोलतच नाही.”

वर्ग हसला. ती नाही हसली... बाहेरची खोली ते स्वयंपाकघर, आठ पावलं. “तुझ्या आईला विचार, घर आठवतं का तिला,” असं बाबा म्हणायचे, आणि आठव्या पावलावर तिच्या तोंडी त्याचं व्हायचं, “आई, उद्या लवकर येशील का, बाबा विचारतायत.” “त्यांना म्हणावं, माझी वाट बघू नका” — परत आठ पावलं — “बाबा, तुम्ही जेवून घ्या म्हणाली, उपाशी राहू नका.” दोन वर्षं! केवढी हुशार मी, असंच वाटायचं मला. आणि त्या दोघांना वाटत राहिलं, चाललंय की बरं.

पूर्वी रविवारी शब्दकोड्यावरून दोघं घर डोक्यावर घ्यायची. “अहो, ते आडवं आहे!” “मग उभं तू सोडव!” तो कलकलाट... तो हवाय मला, कान दुखेपर्यंत हवाय.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. आई हातभर अंतरावर, तरी बाबा ताटाकडे बघत म्हणाले, “तुझ्या आईला सांग, रविवारी मी घरी नाही.”

जिभेवर गोड वाक्य तयार होतं, नेहमीसारखं. तिनं ते गिळलं. कदाचित दोघं आता काहीच बोलणार नाहीत, कधीच — आणि तरी आवाज मात्र कसा खणखणीत निघाला!

“बाबा, ती समोर बसलीय. आजपासून मी कुणाचाच निरोप नेणार नाही... गोड करूनसुद्धा नाही.”