माझा चौथा पाय

मित्रांनो, मला म्हातारा म्हणा, पण खुळखुळा म्हणू नका. मी लेथ आहे. लोखंडाची कांब जबड्यात धरायची, गरागरा फिरवायची आणि धारदार टूलने साल काढत तिला गोल, गुळगुळीत करायची, हे माझं काम. माझी पाठ ओतून झाल्यावर वर्षभर उन्हापावसात मुरवत ठेवली होती. तेव्हा मी अगदी शब्दशः मुरलेला आहे.

आमचा कारखाना दोन भावंडांचा. धाकटा भाऊ मालक. थोरली बहीण टर्नर, तिला सगळे आक्का म्हणतात. आक्कांनी माझ्यावर पंपांचे हजारो दांडे केले. दांडा या टोकाला जेवढा, तेवढाच त्या टोकाला. "सुतासारखा सरळ आहे हो माझा लेथ," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग मालकांना टापटिपीची हुक्की आली. त्यांनी जुनी जमीन उखडून नवी चकचकीत फरशी घातली आणि मला उचलून पुन्हा बसवलं. माझ्या पाठीवर त्यांनी स्वतः सपाटी दाखवणारी पाणसळ ठेवली, पण फक्त लांबीला. बुडबुडा मधोमध आला, तसे ते हात झटकून खुशीत निघून गेले. ती रुंदीला, आडवीही ठेवून बघावी, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दांडे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक यायला लागले. फरक केसाएवढा, पण पंपात तेवढाही चालत नाही. आक्कांनी टूल बदललं. कांबेचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक सरकवून पाहिला. एका लांबीला जमलं, लांबी बदलली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"आक्का, आता पुरे," मालक म्हणाले. "याची हाडं झिजली. शनिवारी भंगारवाला येतोय."

"अरे, परवापर्यंत ठणठणीत होता की! एका रात्रीत म्हातारा झाला का?"

"तू याचे फार लाड करतेस."

"करते! शनिवारपर्यंत थांब."

मित्रांनो, मी घाबरलो होतो. पुन्हा भट्टीत जाऊन वितळायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता.

शुक्रवारी आक्कांनी टेलस्टॉक पार बाजूला सारला. एक जाड, आखूड कांब नुसती जबड्यात धरली, तिच्यावर दोन ठिकाणी सारखाच हलका काप घेतला आणि दोन्ही मापलं. फरक होताच. म्हणजे टेलस्टॉक निर्दोष होता. मग त्यांनी पाणसळ माझ्या पाठीवर आडवी ठेवली, आधी डोक्याकडे, मग शेपटाकडे. डोक्याकडे बुडबुडा मध्ये होता. शेपटाकडे तो कडेला पळाला.

"ए, इकडे ये!" आक्कांनी भावाला हाक मारली. "आपण याचं तोंड तपासत बसलो. पाय कोण बघणार?"

शेपटाकडचा मागचा चौथा पाय फरशीच्या खोलगट जागेत उतरला होता. त्याने माझी पाठ पिळली होती आणि टूल त्याच पिळलेल्या वाटेने धावत होतं. इस्त्रीच्या शर्टासकट मालक फरशीवर आडवे झाले आणि पाय वर उचलणारा बोल्ट फिरवू लागले.

"थोडा अजून... अजून... बस्स!" आक्का बुडबुड्यावर नजर ठेवून सांगत होत्या.

नवी कांब लावली. दोन्ही काप तंतोतंत सारखे आले. आक्कांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि पदराने डोळे पुसले.

शनिवारी भंगारवाला दारात आला. "कुठंय तुमचा म्हातारा?"

"कामात आहे," मालक म्हणाले. मग सगळ्यांदेखत, जरा मान खाली घालून म्हणाले, "दोष त्याच्यात नव्हता. मीच नीट बसवला नव्हता."

मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. तिरकं बसवलंत तर मी तिरकंच कापणार. म्हणून एखाद्याला निकामी ठरवण्याआधी गुडघे टेकून खाली वाका आणि स्वतःला एवढंच विचारा: याला बसवलं होतं कोणी?