पट्टा बांधणारीचं बीपी

मित्रांनो, मी बीपी मोजणारी एक जुनी मशीन आहे. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. बटणावरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि पट्ट्याच्या चिकटपट्टीत सुताचे धागे अडकून बसले आहेत. तरी माझा आकडा अजून खरा आहे. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. ज्या घरात मी राहते, तिथे माझ्या खरेपणावरूनच एकदा बरंच काही घडलं. त्या सगळ्याच्या मुळाशी हेवा होता. दोन बायकांचा, आणि थोडा माझाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक छोटा पंप बसवला, नळी जोडली, पट्टा लावला आणि परीक्षा घेऊन मला खोक्यात बंद केलं. पुढे अकोल्यातल्या एका औषधांच्या दुकानात मी काचेच्या कपाटात येऊन बसले. दुकानदार भला माणूस होता, पण माझ्याबद्दल विचारलं की प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच सांगे, "घरच्या घरी पाहायला ठीक आहे. खरं पाहायचं तर डॉक्टरकडेच." ते ऐकून मला फार लागे. डॉक्टरांच्या टेबलावरचं ते यंत्र मी तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं, पण त्याचा हेवा मात्र तेव्हापासूनच करू लागले.

एके दिवशी किशोर नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. तो अकोल्याला नोकरी करत होता. त्याचं घर हिवरखेडला. घरात त्याची आई सुभद्रा आणि काकू वच्छला, या दोघी सख्ख्या जावा. त्यांचे नवरे महादेवराव आणि देवानंद दिवसभर केळीच्या शेतात असत. सुभद्राबाई घरातल्या थोरल्या. त्या उन्हाळ्यात त्या भर दुपारी पायी दवाखान्यात गेल्या होत्या. तिथे खूप गर्दी होती. नंबरावरून एका बाईशी त्यांची चांगलीच जुंपली, आणि त्याच रागात त्या स्टुलावर बसल्या. बसल्या बसल्याच त्यांचं बीपी मोजलं गेलं. ते वाढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली. म्हणून किशोरने मला आणलं.

त्याने आईला सगळं नीट समजावून सांगितलं.

"पयले पाच मिनिटं गुमान बसाचं. खुर्चीवर, पाठ टेकून. पाय जमिनीवर ठेवाचे, एकावर एक नाही. हात टेबलावर, छातीच्या बरोबरीनं. पट्टा उघड्या दंडावर बांधाचा. चहा पेल्यावर अर्धा घंटा थांबाचं. अन् मशीन चालू असताना बोलाचं नाही."

"बोलाचं नाही म्हंजे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"एक शब्दबी नाही."

"मोठं कठीण काम दिलं रे तू मले," त्या म्हणाल्या.

वच्छलाबाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. पट्टा बांधायचं काम त्यांच्याकडे आलं, कारण घरातलं प्रत्येक काम शेवटी त्यांच्याकडेच येत असे.

पहिले काही दिवस सुभद्राबाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांना कंटाळा आला. त्या बाजेवर मांडी घालून बसू लागल्या. हात खाली लोंबता, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरूनच, आणि शेजारच्या पार्वताबाईंशी बोलणं चालू. मी दंड आवळत असे तेव्हाही त्या सुनांच्या, सोयाबीनच्या, लग्नाच्या गोष्टी सांगत असत. मित्रांनो, अशा वेळी मी काय करणार? जसं मोजायला द्याल तसंच मी मोजते. माझ्या पडद्यावर एकशे साठ, एकशे पासष्ट असे आकडे येऊ लागले.

"आज कालच्याहून जास्त निंगालं," असं त्या पार्वताबाईंना सांगत. त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि अभिमान जास्त असे.

"मंग तुमाले आरामच पायजे," पार्वताबाई म्हणत.

आणि आराम मिळे. पंख्याखालची बाज त्यांची. कमी मिठाची भाजी त्यांच्यासाठी वेगळी. पाणी भरणं, गोठा, दळण, सगळं वच्छलाबाईंकडे गेलं. त्या तोंडाने काही बोलत नसत. पण माझा पट्टा बांधताना त्यांची बोटं बोलत. कधी कधी त्या तो इतका करकचून ओढत की सुभद्राबाई "हळू वं" म्हणून ओरडत.

वच्छलाबाईंना मूलबाळ नव्हतं. किशोर लहान असताना सुभद्राबाई शेतात जात आणि त्याची आंघोळ, डबा, शाळा हे सगळं वच्छलाबाईच करत. आता त्याचा फोन आला की तो विचारी, "काकू, आईचं बीपी किती हाय आज?" त्या आकडा सांगत. तो "बरं" म्हणे आणि आईशी बोलू लागे. फोन ठेवल्यावर वच्छलाबाई काही वेळ तशाच उभ्या राहत. हेवा म्हणजे काय, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर शिकले.

एका दुपारी घर शांत होतं. सुभद्राबाई पार्वताबाईंकडे बसायला गेल्या होत्या. वच्छलाबाईंनी मला उचललं आणि खुर्ची ओढली. त्या पाठ टेकून बसल्या, पाय जमिनीवर टेकवले, हात टेबलावर ठेवला. किशोरचा एक शब्दही त्या विसरल्या नव्हत्या. थोडा वेळ त्या डोळे मिटून गप्प बसल्या. मग त्यांनी पहिल्यांदाच माझा पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. वर्षानुवर्षं कामं केलेला तो दंड जाड आणि घट्ट होता. पट्टा जेमतेम पुरला.

मी एकशे अठ्ठ्याहत्तर दाखवलं. खालचा आकडा एकशे चार.

त्या दचकल्या. थोड्या थांबल्या आणि पुन्हा मोजलं. फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी उठल्यावर डोक्याची मागची बाजू ठणकते, ते त्या उन्हावर आणि जागरणावर ढकलत आल्या होत्या. आता त्यांना भीती वाटली. आणि मित्रांनो, मला दिसलं ते सांगते, भीतीच्या जोडीला थोडं समाधानही वाटलं. आता आपल्याकडेही कोणीतरी पाहील, असं.

संध्याकाळी स्वयंपाक करता करता त्यांनी विषय काढला.

"जाऊबाई, माहं बी बीपी जास्त दाखवून राहिली मशीन."

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले काहून होईन बीपी? दिवसभर तं धावत राह्यतं तू."

"तीन रोज पायलं मी."

"माणसानं लुगड्याचा हेवा करावा, दागिन्याचा करावा. दुखण्याचा कोन करते, वच्छला?"

वच्छलाबाई पोळ्या लाटत राहिल्या.

"अन् मशीनच बिघडली असन," सुभद्राबाई पुढे म्हणाल्या. "घरच्या मशीनीचं काय खरं? दवाखान्यातली खरी." असं म्हणून त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. मी बिघडले असेन, तर माझ्याच आकड्यांवर त्या रोज आराम कसा करत होत्या, हे त्यांना विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

कपाटाच्या अंधारात माझा जीव जळत राहिला. दवाखान्यातली खरी म्हणे! वच्छलाबाईंचं दुःख तर माझ्याहून मोठं होतं. आपल्या मनात हेवा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे जावेचं बोलणं त्यांना खरं वाटू लागलं. डोकं ठणकलं की त्या स्वतःलाच रागवत. 'काही नाही, हा सगळा मनाचा खेळ आहे,' म्हणून पुन्हा घागर उचलत.

इकडे सुभद्राबाईंचे ते मांडी घालून मोजलेले आकडे दवाखान्यात सांगितले गेले आणि त्यांची गोळी वाढली. आठवड्याभरात त्यांना उठताना चक्कर येऊ लागली. एकदा तर त्या न्हाणीच्या दारात पडता पडता वाचल्या. वच्छलाबाईंनीच त्यांना धरलं. किशोर घाबरून आला. त्याने अकोल्याच्या डॉक्टर ज्योत्स्ना वानखडे यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आईंना घेऊन या. घरची मशीनही सोबत आणा."

घरची मशीनही! मित्रांनो, त्या दिवशी मी खोक्यात बसून अकोल्याला निघाले ती मोठ्या ऐटीत. वच्छलाबाईही निघाल्या. जावेला धरायला आणि पिशवी उचलायला कोणी तरी हवं होतं.

डॉक्टरांच्या टेबलावर अखेर मी ते यंत्र पाहिलं. गोल तबकडी, काळा काटा, चकचकीत कडा. त्याचा पट्टा बांधला की डॉक्टर कानाला नळ्या लावत आणि अगदी लक्ष देऊन ऐकत. माझ्यासाठी कधी कोणी असा कान दिला नव्हता. माझा जळफळाट झाला.

सुभद्राबाई खुर्चीवर बसल्या आणि लगेच सांगायला लागल्या. डॉक्टरांनी हात वर केला. "आत्या, आधी शांत बसा. बोलणं नंतर. मी सगळं ऐकणार आहे."

त्यांनी पाय जमिनीवर ठेवायला लावले, बाही मोकळी करायला लावली. पहिला आकडा जास्तच आला. "दवाखान्यात आलं की छाती धडधडते बऱ्याच जणांची," असं म्हणत डॉक्टर थांबल्या. दुसऱ्यांदा तो उतरला. तिसऱ्यांदा आणखी उतरला. त्यांनी दुसऱ्या हाताचंही बीपी पाहिलं. मग मला काढलं आणि त्याच दंडाला बांधलं.

मी जीव तोडून मोजलं. त्या यंत्राच्या आणि माझ्या आकड्यात अगदी थोडा फरक होता.

"मशीन बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग सुभद्राबाईंकडे वळून म्हणाल्या, "घरी कसं मोजता, ते दाखवा बरं मला."

सुभद्राबाईंनी खुर्चीवरच मांडी घातली, बाही खाली ओढली, हात सोडून दिला आणि बोलायला सुरुवात केली. माझा आकडा वीस-पंचवीसने वर गेला. किशोरने कपाळाला हात लावला.

"या आकड्यावर तुमची गोळी वाढली," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून चक्कर येते. तुम्हाला बीपी आहे, पण थोडं. मी गोळी कमी करून देते. मनाने बंद करायची नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नीट बसून मोजा आणि मला कळवा."

"म्हंजे मले जास्त नाही?" सुभद्राबाईंनी विचारलं. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा चेहरा पडला. हातातलं काहीतरी कोणी काढून घ्यावं तसा. त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या जावेकडे गेली.

"मंग इचं बी पाहा, डाक्टरीनबाई," त्या म्हणाल्या. "हे बी म्हणते, माहं जास्त हाय. खरं-खोटं होऊन जाऊ द्या एकदाचं."

वच्छलाबाई नको नको म्हणत होत्या. डॉक्टरांनी त्यांना बसवलं. दंडाकडे पाहिलं आणि खणातून मोठा पट्टा काढला. "दंड जाड असला आणि पट्टा लहान पडला, तर आकडा जास्त दाखवतो," त्या म्हणाल्या. सुभद्राबाईंनी किशोरकडे असं पाहिलं, की बघ, मी म्हणत नव्हते का?

डॉक्टरांनी मोजलं. थांबल्या. पुन्हा मोजलं. मग दुसरा हात घेतला.

"एकशे बहात्तर," त्या अखेर म्हणाल्या. "डोकं दुखतं?"

"सकायी दुखते."

"किती दिवसांपासून?"

"उन्हायापासून."

"घरी कोणाला सांगितलं नाही? अशात लकवा होतो, काकू. माणूस कायमचा बसतो."

वच्छलाबाईंनी मान वर केली. सुभद्राबाईंच्या हातातला पदर घट्ट झाला होता. एवढे दिवस मनात साठलेलं सगळं आता एका वाक्यात बाहेर काढता आलं असतं.

"नाही सांगतलं कोनाले," वच्छलाबाई म्हणाल्या.

किशोर खाली वाकला आणि त्याने काकूचा हात दोन्ही हातांत धरला. सगळे वच्छलाबाईंकडेच पाहत होते. ज्याचा हेवा करत त्यांनी इतके दिवस काढले, ते सगळं आता त्यांच्या ओंजळीत आलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. "मले नोको हे," त्या हळूच म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर सुभद्राबाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसल्या. वाटेवरचं तेल्हारा मागे गेल्यावर म्हणाल्या, "तू काहून नाही सांगतलं डाक्टरीनले, का मले सांगतलं होतं अन् मीच तुले बोलली म्हून?"

"तुमची चक्कर वाढली असती," वच्छलाबाई म्हणाल्या. दोघी थोड्या हसल्या.

मित्रांनो, त्यानंतर हेवा संपला असं मी म्हणणार नाही. वच्छलाबाईंना गोळी सुरू झाली, मोठा पट्टा आला, आणि पंख्याखालची बाज दोघींत वाटली गेली. त्यावरून कुरबुर होतेच. माझंही तसंच. वर्षातून एकदा मला अकोल्याला नेऊन त्या चकचकीत यंत्राशी ताडून पाहतात आणि तो काटा पाहिला की मी अजूनही जळते.

पण आता रोज सकाळी सुभद्राबाई आधी उठतात आणि गॅसजवळ जाऊन म्हणतात, "तू बस खुर्चीवर. उठू नोको." वच्छलाबाई बसतात. ती पाच मिनिटं त्यांना सगळ्यांत जड जातात. आयुष्यात काही न करता त्या कधी बसल्याच नव्हत्या, त्यामुळे हातांचं काय करावं तेच त्यांना कळत नाही. त्या मांडीवर हात ठेवतात, उचलतात, पुन्हा ठेवतात. मग हळूहळू श्वास संथ होतो, खांदे खाली येतात, आणि सुभद्राबाई ओले हात पुसून माझा पट्टा बांधतात.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. आमची निगा राखा, आम्हाला सरळ बसून मोजू द्या. आणि घरात ज्याचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं मोजून झालं की पट्टा लगेच गुंडाळून ठेवू नका. ज्याने तो बांधला, त्यालाही क्षणभर खाली बसवा.