जयवंताबाईंचं शुद्ध पत्रक

हुडकेश्वरच्या आपल्या छापखान्यातून एकही अशुद्ध शब्द बाहेर जात नाही, ही दामिनीची ऐट होती. शाळा दहावीतच सुटली. शुद्धलेखन तिनं रद्दीतली पुस्तकं वाचून कमावलं होतं. टाइप करता करताच तिची बोटं मजकूर सुधारत जायची, कुणी सांगो न सांगो.

उमरेडच्या मारोतरावांनी बायकोच्या तेरवीला वाटायच्या पत्रकासाठी दोन पानं लिहून पाठवली होती. त्यांच्या मुलानं, सौरवनं, मोबाइलवर प्रूफ बघून नुसता अंगठा पाठवला. पत्रकं छापून झाली.

गठ्ठा न्यायला मारोतराव स्वतः आले. स्टुलावर बसून त्यांनी पत्रक वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ताई, हे कोणाचं व्हय?"

"तुमचंच, काका. जयवंताकाकूंचं."

"'त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या.'" त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "आमची जयवंता? अवं, ती माह्यावरचा राग भांड्यायवर काढे. घरातली एक गंजी, एक पातेलं सरळ नाही. म्या तसंच लिवलं होतं. काहून बदललं वं?"

"बदललं नाही, काका. जरा नीट केलं."

"नीटच हाय. एवढी नीट बाई, का मले उठून नमस्कार करावा वाटला." ते हसले. दामिनीलाही हसू आलं आणि तिथंच विरलं. "माहा कागद दे. तेरवीत तोच वाचतो."

काम संपलं की गिऱ्हाइकांचे हातानं लिहिलेले कागद मशीनची शाई पुसायला जात. दामिनीनं टोपल्यातून दोन काळे बोळे काढले, उलगडले. एक अक्षर दिसेना. आठवायला गेली, तर तिला फक्त आपण दुरुस्त केलेल्या जागा आठवल्या.

"तुम्ही सांगा काका, मी तसंच टाइप करते. काना-मात्रासुद्धा हलवणार नाही."

"ते तं तिले पोचवून आलो त्या रोजी लिवलं. रडत होतो अन् लिवत होतो. आता कुठून आणू?"

तरी ते सावरून बसले. दामिनीनं बोटं तयार ठेवली. मग मारोतरावांनी घसा खाकरला आणि परक्या आवाजात सांगितलं, "कैलासवासी जयवंताबाई या एक आदर्श गृहिणी होत्या."

तिनं टाइप केलं. सुधारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"बरोबर हाय ना, ताई?" त्यांनी विचारलं.