तकीची खुर्ची

खलीलभाईंनी स्टुलावर चढून भिंतीवरची फ्रेम उतरवली. काचेवर पातळ धूळ होती, चाळीस दिवसांची. त्यांची बायको शहरबानो दर शुक्रवारी ती काच पुसायची.

फ्रेममध्ये अल्लाह आणि रसूल, म्हणजे पैगंबर, यांच्या नावांखाली चार खलिफांची नावं होती. चौथं नाव, हजरत अलींचं, शहरबानोच्या माहेरीही भिंतीवर होतं. पहिल्या तिघांवरून मात्र दोन घरांचं जमत नव्हतं. खलीलभाई सुन्नी, त्यांच्या लेखी चौघंही रसूलचे सहाबा, म्हणजे सोबती, आदराचे. शहरबानोचं माहेर शिया. त्यांच्या मते रसूलनंतरचा हक्क अलींचाच होता आणि तो डावलला गेला.

तिचा धाकटा भाऊ तकी अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत, जेवता जेवता हे बोलला होता. "माझ्या घरात सहाबांबद्दल असलं बोलणं चालणार नाही," खलीलभाई म्हणाले होते. तकी ताटावरून उठून गेला. दीड वर्ष आला नाही. मग शहरबानो राहुरीला जाऊन त्याला घेऊन आली, आणि तेव्हापासून तो येतच राहिला. त्या विषयावर पुन्हा शब्द निघाला नाही. तकीला आपलं पटलं, असं खलीलभाई धरून चालले होते.

गेलं वर्षभर तर तो आठवड्यातून दोनदा कांद्याचा टेम्पो घेऊन नगरला यायचा आणि बहिणीला डायलिसिसला न्यायचा. तिला चढायला सोपं जावं म्हणून त्याने एक लाकडी पायरी करून घेतली होती. प्रत्येक वेळी त्याचे आभार मानायचं ठरवून खलीलभाई चहा टाकायला आत जायचे.

आज तिचा चाळिसावा होता. दोन्हीकडची माणसं फातेह्याला, तिच्यासाठी दुआ मागायला येणार होती. आज तकी उठून गेला, तर त्याला आणायला राहुरीला जाणारं कोणी उरलं नव्हतं. खलीलभाईंनी फ्रेम धुतलेल्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली.

शेजारच्या केशरबाई मोठं पातेलं द्यायला आल्या. भिंतीवरचा फिकट चौकोन बघून थबकल्या.

"भाऊ, ते कशाला काढलं?"

"तकी येतोय."

"मग? त्यो काय आज पहिल्यांदा येतोय व्हय?"

खलीलभाईंनी पातेलं घेतलं आणि आत नेलं.

तकी सगळ्यांच्या आधी आला. कोथिंबिरीची पिशवी ठेवून त्याने कोपऱ्यातली खुर्ची उचलली. गुडघ्यामुळे त्याला खाली बसता येत नव्हतं. न विचारता त्याने ती फ्रेमच्या भिंतीला पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून मांडली. बसण्याआधी त्याची नजर वर भिंतीवर गेली.

"दुल्हेभाई, फ्रेम कुठाय?"

"कपाटावर. आज तुला वाईट वाटू नये म्हणून."

तकी उभाच राहिला.

"थोड्या वेळाने तुमची माणसं येतील. भिंत बघतील, मग मला बघतील. म्हणतील, आपाच्या चाळिसाव्याला तकीने नावं उतरवायला लावली."

हे खलीलभाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी अजून तेच मानतो, दुल्हेभाई. तुम्हाला वाटलं असेल, मी बदललो."

"वाटलं होतं."

"आपाने मला बदलायला सांगितलंच नाही. तिने फक्त खुर्ची हलवली. म्हणाली, इथे बस. इथून भिंत दिसत नाही, मी दिसते."

खलीलभाई दिवाणावर टेकले. ही त्यांची जागा. इथून समोर ती नावं दिसायची आणि नावांच्या खाली जेवणारा तकी. मध्ये ती वाढत फिरायची, मग स्वयंपाकघराच्या दारात आपल्या पाटावर बसायची. दिवाण पूर्वी खिडकीशी होता. इथे कधी आला, ते त्यांना आठवेना.

तकीने स्टूल ओढून आणलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. खलीलभाई चढले. खिळा सापडायला वेळ लागला.

"डावी बाजू खाली गेलीय," तकी म्हणाला.

"तू बघतोस होय?"

"आजच्या दिवस बघतो."

खलीलभाईंना हसू आलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच. खाली उतरून त्यांनी चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तकी, ती पायरी केलीस ना तू. तिला फार बरं पडलं. मलाही."

"अजून टेम्पोतच आहे," तकी म्हणाला. "काढवत नाही."

माणसं आली. फातेहा झाला. दस्तरखान पसरलं, दालचा आणि भात आला. नगरच्या नातेवाइकांनी भिंतीकडे पाहिलं नाही. तिथे नेहमीचंच होतं. तकी आपल्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन जेवत होता. दोन घास खाऊन त्याने मान वर केली आणि समोर बघितलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. दारात कोणी नव्हतं. त्याचा हात ताटातच थांबला.

खलीलभाई दिवाणावरून उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भाताचं पातेलं उचललं, दारात आणलं आणि उंबऱ्याशी असलेल्या तिच्या पाटावर बसले. पाट त्यांना लहान पडत होता.

"तकी," ते म्हणाले, "भात घे अजून."

तकीने ताट पुढे केलं.