दांड्याची खाच

त्या रविवारी बाबा ट्रॅक्टरखाली उताणे झोपले होते आणि आई सीटवर बसली होती. तिला ट्रॅक्टरवर बसायला मिळायचं ते एवढ्यापुरतंच. गियरचा दांडा दोन्ही हातांनी मधल्या खाचेत, न्यूट्रलवर, धरून ठेवायचा हे तिचं काम. दांड्यापासून गियरबॉक्सकडे जाणाऱ्या सळईचे आटे फिरवून बाबा खालून तिची लांबी जुळवायचे. दांडा खाचेतून सरकलेला असताना सळई आवळली, तर वर न्यूट्रल दिसतं आणि खाली गियर पडलेलाच राहतो.

ट्रॅक्टर जुना, छोटा, वालाच्या तुकड्यात वळेल एवढा. आमच्या विचुंबे गावात आता तुकडे कमी आणि इमारती जास्त. तरी ज्यांनी जमीन राखली होती, ते नांगरायला बाबांनाच बोलवायचे. दांड्याच्या सांध्यांची भोकं झिजून लांबट झाली होती आणि पिना त्यांत खुळखुळायच्या. दर हंगामाला बाबा भोकात पत्र्याची पट्टी कोंबून वेळ मारून न्यायचे. या खेपेला मात्र त्यांनी पनवेलला नेऊन भोकं वेल्डिंगने भरून घेतली, नव्याने पाडून घेतली, पिना आणि बुश नवे आणले. सकाळपासून त्यांचा आवाज चढलेला होता.

"बसला का गो?"

"थांबा जरा."

"जरा म्हंजे किती? दांडा खाचेत हाय का नाय, येवढंच इचारतो. म्हशीला बसवली असती तर तिनं पन सांगितलं असतं!"

कुंपणापलीकडे काशीरामकाका दात घासत उभे होते. "महादेव, म्हैस सीटवर मावंल का पन?"

"ही मावली ना!"

दोघे हसले. आईही हसली.

"बसला," ती म्हणाली.

मी दर रविवारी खारघरहून यायची. तिथे एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. स्वयंपाकघरात आई हाताचं ग्रीस राखेने घासत होती, तेव्हा मी विचारलं, "खरंच बसला होता?"

"कुठचा! ते सळई आवळतात तसा दांडा हातातून ओढला जातो. नाय म्हटलं का परत सुरू. आंधळी, म्हैस, माझ्या बापाचा उद्धार. बसला म्हटलं का जेवायला तरी येतात."

"आणि ट्रॅक्टर?"

"इतकी वर्षं चालतोय ना?" तिने बोंबलांच्या कालवणात कोकम टाकलं आणि मला चव बघायला लावली.

चालत होता, कारण सांधे सैल होते. तिचं खोटं 'बसला' त्या खुळखुळण्यात जिरून जायचं. आता जिरायला जागा उरली नव्हती. हे मला नंतर कळलं. तिला तर कळलंच नाही.

ट्रॅक्टरचा ब्रेक धरत नसे, म्हणून पुढच्या चाकाखाली दगड असायचा. सकाळी तो काढायचा, हेही आईचंच काम. सोमवारी ती दगड काढायला वाकली होती. चढायचा कंटाळा म्हणून बाबांनी बाजूला उभं राहूनच चावी फिरवली. ट्रॅक्टरने पुढे उडी घेतली. समोर शेडची भिंत होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच गोष्ट सांगत होते. पोलिसांनाही त्यांनी तीच सांगितली. "मी इचारलं व्हतं, बसला का? ती म्हनली, बसला. मंग मी काय करू? तिनं सोताच्या तोंडानं सोताचा जीव घालवला."

लोक मान हलवायचे. नीताआत्याने तर दहाव्यालाच निकाल देऊन टाकला: "वहिनी पहिल्यापासून वेंधळीच. चुलीवर दूध ठेवून इसरायची." बाराव्यापर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. वेंधळेपणाने गेली बिचारी. पंगतीत एक बाई दुसरीला म्हणाली, "निदान दुसऱ्या कुनाला तरी नाय मारलान." मी त्यांना भात वाढला.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी वाकलेली सळई सरळ करून आणली. काशीरामकाका म्हणाले, "इकून टाक रे आता ते धूड."

"का? मशिनीचा काय दोष?" बाबा पाना घेऊन खाली सरकले. "स्नेहल, चढ वर. दांडा धर. कपाटभर पुस्तकं वाचलीस ना, एक खाच तरी दिसंल?"

मी चढले. दांड्याच्या मुठीवरचं रबर दोन बाजूंना पातळ झालं होतं. आईचे हात जिथे असायचे तिथेच माझे बसले. काका कुंपणाशी होते आणि आत्या पायरीवर सुपारी कातरत होती. भिंतीचा खालचा भाग बाबांनी चुन्याने रंगवून घेतला होता.

खाली आटे करकरले. दांडा माझ्या तळव्यांतून हळूहळू ओढला जाऊ लागला, न थांबता, जिद्दी पोराने पदर ओढावा तसा. मी जोर लावला. तो खाचेच्या काठावर येऊन अडकला.

"बसला का गो?"

मी वाकून खाचेकडे बघितलं.

"बोल ना! का तू पन तसलीच? सांग तुज्या आयेवानी बसला म्हनून, आनि घाल मला चाकाखाली."

आत्याचा अडकित्ता थांबला. 'बसला' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, इतका तयार की मलाच भीती वाटली. म्हटला असता तर बाबा उठून हात धुवायला गेले असते.

"नाही बसला," मी म्हणाले.

"नीट बघ, भवाने!"

"नीट बघितलं." माझा आवाज काकांपर्यंत जात होता. तो मी खाली आणला नाही. "नाही बसला, बाबा. त्या दिवशीही नव्हता बसला. आईला दिसत होतं. 'नाही' म्हटलं की तुम्ही सगळ्यांसमोर तिला म्हैस म्हणाल, तिचा बाप काढाल, म्हणून ती 'बसला' म्हणाली. दर हंगामाला तेच म्हणायची. वेंधळी नव्हती माझी आई. ती तुम्हाला भ्यायची. तुमच्या तोंडाला भिऊन मेली ती."