आधी खालचं बूच काढ

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि मी उभी असते तिथे तेलाचा डाग पडतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. माझा जन्म ब्रिटनमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्यासारख्या साठ गाड्या काढून तो कारखाना बंद पडला. म्हणून आज मला दुर्मीळ म्हणतात. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

इकडे आल्यावर मला खरं वापरलं ते एका नर्सबाईंनी. कुठे बाळंतपण अडलं की बाई मागच्या पेटीत सामान भरायच्या आणि निघायच्या. सव्वीस वर्षांत मी त्यांना वाटेत एकदाच सोडलं, आणि तेव्हा पेट्रोल संपलं होतं. त्याला मी काय करणार? "हिचा आवाज आला की निम्मी कळ थांबते," असं बायका म्हणायच्या. ऐकून मला बरं वाटायचं.

माझी एक खोड आहे. आठ-दहा दिवस उभी राहिले की वरच्या टाकीतलं तेल हळूहळू इंजिनाच्या तळाशी उतरतं. टाकी रिकामी दिसते, पण तेल गेलेलं कुठेच नसतं. बाई सुट्टीवरून आल्या की आधी माझ्याखाली एक जुनं पातेलं सरकवायच्या. तळाचं बूच काढून ते तेल त्यात घ्यायच्या, फडक्यातून गाळून पुन्हा टाकीत ओतायच्या आणि मगच किक मारायच्या.

पुढे बाईंचे गुडघे गेले. माझ्यावर चादर आली, चादरीवर खोकी आली आणि खोक्यांवर एक मोडका पंखा. नऊ वर्षं मी त्या पंख्याचं ओझं वाहिलं. वाईट वाटलं का, विचाराल तर वाटलं.

मग बाईंनी घर सोडून भाच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं ठरवलं. मला काही जिना चढता येत नाही. भाच्याने माझे फोटो काढले, जाहिरात दिली आणि एका संग्राहकाचा फोन आला. त्याच्याकडे मोठा दिवाणखाना होता. तिथे गाडी गेली की तो तिचं तेल-पेट्रोल काढून टाकायचा आणि काचेआड ठेवायचा, ती कायमचीच. मात्र घेण्याआधी इंजिन एकदा चालू झालेलं ऐकायचं, ही त्याची अट. म्हणजे मला एकदा बोलायचं होतं आणि मग जन्मभर गप्प बसायचं होतं.

भाचा जोमाने कामाला लागला. त्याने तेलाची टाकी उघडली, तर रिकामी! भरली. आठवड्याने पाहिली, पुन्हा खाली गेलेली. "तेल पिते की काय ही!" म्हणत पुन्हा भरली. बाई शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारावं असं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

संग्राहक आला. पांढरी स्वच्छ पँट, हातात भिंग. माझा इंजिनावरचा नंबर त्याला तोंडपाठ होता. भाच्याने घाम गाळत किक मारल्या. सातव्या किकला मी पेटले आणि पोटात कोंडलेल्या तेलातलं थोडं धुराच्या नळीतून उडालं. अर्धं भिंतीवर गेलं, अर्धं त्या पँटीवर. खोलीभर धूर झाला. मी ठसकून बंद पडले.

"अहो, इंजिन संपलंय हिचं!" संग्राहक ओरडला.

तेवढ्यात बाई पातेलं घेऊन काठी टेकत आल्या.

"मावशी, तू कशाला आलीस? गेली ती आता," भाचा म्हणाला.

"गेली म्हणे! दोन डबे तेल पाजलंस तिला. आधी खालचं बूच काढ."

पातेलं काठोकाठ भरलं. बाईंनी टाकीपुरतं तेल गाळून घेतलं. भाच्याला म्हणाल्या, "कचकन मारू नकोस. अडेल तिथे थांब. हँडलवरची ती बारकी दांडी दाब, किक जराशी पुढे ने. सोड. आता मार."

मी पहिल्या किकला चालू झाले. नऊ वर्षांनी स्वतःचा खरा आवाज ऐकला. त्या आवाजात संग्राहक आपली पँट विसरला.

"बाई, द्या मला," तो म्हणाला.

"देते. पण महिन्यातून एकदा चालू करायची. कबूल नसेल तर काच घेऊन घरी जा."

त्याने मान खाली घातली आणि कबूल केलं.

आता मी काचेआड आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्राहकाचा मिस्त्री येतो, पातेलं लावतो, तेल गाळतो, मला चालू करतो आणि बाईंना फोन लावून तो माझ्या नळीजवळ धरतो. गेल्या खेपेला त्याला घाई होती. फोनमधून लगेच आवाज आला, "बूच काढलं नाहीस ना रे आज?" मिस्त्रीने जीभ चावली आणि मला बंद केलं.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूत काही कमी पडलंय असं वाटलं, तर वरून ओतण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. ते बहुतेक शेजारच्याच खोलीत बसलेलं असतं.