धोंड्याच्या महिन्यातली फौज

आमचा जावई रुसत नाही, ही माझ्या बायकोची दोन वर्षांपासूनची तक्रार आहे.

लोकांच्या तक्रारी वेगळ्या असतात. कुणाचा जावई पितो, कुणाचा गाडी मागतो, कुणाचा मानाचा टॉवेल आखूड निघाला म्हणून मांडवातून उठून जातो. आमच्या चंदनरावांचं तसं काहीच नाही. मूळचे तुमसरचे, नोकरी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. व्यसन नाही आणि आवाजही नाही. भाजी अळणी झाली तरी ‘चालेल’, कूलर बंद पडला तरी ‘चालेल’. दिवाळीला मी घेतलेल्या सदऱ्यात त्यांच्यासारखे दोन मावले असते, तरी तो घालून ते मुकाट्याने फोटोला उभे राहिले.

"अजी, रुसत नाही म्हणजे आपलं मानत नाही," शोभा म्हणायची. "रुसाले बी हक्क लागते. पाव्हणा कधी रुसते का? पाव्हणा जेवते अन् जाते."

मी तिला उडवून लावायचो, पण खरं सांगतो, मलाही ते टोचत होतं. दीपमाला आमची एकुलती एक. पुढे आम्हा दोघांना आपलं म्हणावं असं माणूस उरणार ते हेच. आणि हा माणूस आमच्या घरात दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखा बसतो. दोन वर्षांत त्याने या घरात एक गोष्ट मागितली नव्हती, पाण्याचा पेलासुद्धा नाही.

यंदा जेठ अधिक आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. या महिन्यात जावई मागेल त्याला नाही म्हणायचं नसतं. मी हुरूप येऊन फोन केला, "सांगा जवाईबापू, वाणात काय पाहिजे?"

"काही नको, मामाजी."

मी फोन ठेवला आणि शोभाकडे पाहिलंच नाही. तिचा चेहरा काय म्हणत असेल ते मला न पाहता कळलं.

दोघं आमच्या मोहाडीला आले ते एक खोकं सांभाळत. बॅगा बसच्या डिकीत आणि खोकं मांडीवर. चंदनराव आंघोळीला गेल्यावर दीपमालेने ते उघडून दाखवलं. आत अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची माणसं होती, करड्या रंगाची, हातात तलवारी, पाठीवर फाटके झगे. शोभाने एक उचलून उजेडात धरला आणि टाकून दिला.

"अवो माय! याच्या आंगावर मासच नाही!"

"आई, हाडाचीच फौज आहे ते," दीपमाला म्हणाली. "हा खेळ असते. टेबलावर फौजा मांडतात, फासे टाकतात अन् लढाई करतात. रविवारी नागपूरले सामने हायेत, यांनी नाव देलं."

"मंग यायले रंग काहून नाही?" मी विचारलं.

तिने आवाज खाली केला. "थेच तर, बाबा. वर्षभरापासून फक्त व्हिडिओ पाहून राहिले. रंग आणले, ब्रश आणले, पण हात लावत नाही. बिघडलं तर, म्हणतात. अन् रंगवल्याशिवाय सामन्यात फौज घेत नाही."

माझ्या डोक्यात दिवा पेटला. या माणसाला जगात काहीतरी हवं आहे! आणि जे हवं आहे ते रंगाचं आहे! मी कोष्ट्याचा पोर. कोशाचं रेशमी सूत रंगवण्यात आणि काठ विणण्यात माझी हयात गेली. दोन वर्षांपूर्वी पाठ दुखते म्हणून मी माग बंद केला आणि फक्त साड्यांचं दुकान ठेवलं, पण रंग काय पाठीने लावायचा असतो?

दुसऱ्या दिवशी दोघं चंदनरावांच्या आईवडिलांना भेटायला तुमसरला गेले, खोकं इथेच ठेवून. मी ते अंगणातल्या पत्र्याखाली आणलं आणि माणसं मोजली. नेमकी तेहतीस! धोंड्याच्या वाणाला अनारसे असोत की बत्तासे, तेहतीसच लागतात.

"पाय बरं, देवानंच जुळवलं," मी शोभाला म्हणालो. "हीच फौज रंगवून वाणात देऊ. अन् वाणात जाळीदार वस्तू द्याव म्हणतात. यायच्या तर बरगड्यायची जाळीच हाय."

"अनारशाले छिद्रं असतात म्हणून काय जवायाले हाडं देता?" ती कडाडली. "शेजारची उषाबाई काय म्हणन? आधी यायले मास लावा. मंग मी ताटात ठेवीन."

बोलण्यात तथ्य होतं. आता रंगांचा प्रश्न. त्यांच्या खोक्यातल्या बाटल्या डोळ्यांत घालायच्या औषधाएवढ्या. जावयाच्या वाणात असा थेंबथेंब रंग वापरायचा? लोक काय म्हणतील? मी माळ्यावरून गेटाचा ऑइलपेंट काढला, हिरवा. देवघराचा सोनेरी होता, मागाच्या खोलीच्या दाराचा लाल होता, भिंतीचा बदामी होता. बदामीत लाल कालवून अंगाचा रंग तयार केला आणि बरगड्यांवर असा चढवला की एका हातात सगळ्या फटी बुजल्या. माणसं गुटगुटीत दिसायला लागली. शोभाला बरं वाटलं, जणू तिनेच त्यांना जेवू घातलं होतं.

फाटक्या झग्यांना मी हिरवा रंग दिला आणि वर सोनेरी करवती काठ काढला. करवतीचे दात माझ्या हाताला पाठ आहेत. थोडे वळवळले, पण ऊन फार होतं.

डोळे मीच काढले. ते चेहरे इतके बारीक की कंपनीची चूकच म्हणायची.

"अजी, याचा डोळा कपाळावर गेला," शोभा म्हणाली.

"तो तिसरा डोळा."

"अन् याचा गालावर?"

"तिरळा असन. फौजेत काय सारेच देखणे असतात?"

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, पण मग कुंकवाची डबी आणून एकेकाला टिळा लावत बसली. संध्याकाळपर्यंत पितळी परातीत आमची फौज तयार झाली. तेहतीस धष्टपुष्ट गडी, सोनेरी काठाचे, टिळा लावलेले. मला तर वाटलं, यांच्यापुढे नागपूरच्या फौजा शरण येतील.

लेक-जावई आले. शोभाने परातीवरचा रुमाल काढला. चंदनराव पाहत राहिले. मग त्यांनी एक गडी उचलला. तो बोटांना चिकटला. दुसऱ्या हाताने सोडवायला गेले तर त्यालाही चिकटला. मी ‘चालेल’ ऐकायला तयार होऊन उभा होतो.

"हे काय केलं?" ते म्हणाले.

आवाज फारच बारीक होता. मला वाटलं रंग ओला आहे म्हणून नाराज आहेत. "थांबा, जरासं पुसून देतो," म्हणत मी थिनरची बाटली उचलली.

"ठेवा थे!" चंदनराव असे ओरडले की कूलरवरची चिमणी उडाली. "थिनरनं प्लॅस्टिक इतळते! ठेवा खाली! कोणं सांगतलं होतं तुमाले हात लावाले? गेटाचा रंग? माह्या फौजेले गेटाचा रंग लावला तुमी?"

"जवाईबापू, हाडं बरी नाही दिसत म्हणून..." शोभा म्हणाली.

"हाडंच पाहिजे होती मले! वर्षभर हात नाही लावला मी! वर्षभर! अन् तुमी एका दिवसात बरबाद केली! नाही जेवत मी!"

ते खोलीत गेले आणि दार आपटलं. दीपमाला "अहो" करत मागे धावली. पुण्याची सगळी भाषा अंगणातच गळून पडली होती आणि आतून अस्सल तुमसरचा माणूस निघाला होता.

मी शोभाकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते.

"रुसले!" ती पदर तोंडाशी धरून म्हणाली. "अजी, जवाई रुसले!"

तिने साखर वाटायचीच बाकी ठेवली होती. मला मात्र तेवढा आनंद होईना. रुसवा मिळाला, पण पोराची वर्षभराची हौस आम्ही परातीत बुडवली होती. मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

सकाळी चंदनराव बाहेर आले. आज धोंड्याचं जेवण होतं, पण त्यांनी ना पाटाकडे पाहिलं ना पाय धुवायला ठेवलेल्या ताटाकडे. थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मामाजी, बाजारातून टर्पेंटाइन आणा. थिनर नोको. टर्पेंटाइन. अन् जुने टूथब्रश काढा."

जेठातलं ऊन डोक्यावर, धोंड्याचा महिना, आणि जावई सासऱ्याला बाजारात पिटाळतो आहे! मी चप्पल घालून असा निघालो की चौकात कुणीतरी विचारलं, काय हो, लॉटरी लागली का.

मग आम्ही दोघं पत्र्याखाली बसून फौज घासू लागलो. मी घासायचो आणि ते मला रागवायचे. "हळू घासा. तलवार मोडन. मान धरू नोका, पायाले धरा." मी "हो, हो" म्हणत होतो. आयुष्यात मला इतकं कुणी टोकलं नव्हतं आणि इतकं बरंही वाटलं नव्हतं. एकेकाच्या बरगड्या पुन्हा उघड्या पडू लागल्या. काहींच्या फटींत मात्र हिरवा रंग बसला तो बसलाच.

चंदनरावांनी त्यातलाच एक उचलला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि त्यांना एकदम हसू फुटलं.

"आता याच्याहून वाईट तर मी बी करू शकत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदा ती औषधाएवढी बाटली उघडली.

बशीत रंगाचा थेंब, त्यात पाणी. एक पातळ हात, वाळू द्यायचा, मग दुसरा. वरून तपकिरी पाणी सोडलं की ते फटींत उतरतं आणि हाड न् हाड वेगळं दिसतं. त्यांच्या पहिल्या गड्याच्या कवटीवरचा रंग अंगठ्याने पुसला गेला आणि ढाल अर्धीच रंगली, पण ते त्याच्याकडे बाळाकडे पाहावं तसे पाहत होते. मग त्यांनी एक गडी माझ्या हातात दिला.

"हा तुमी करा. पातळ रंग लावा. फक्त डोकं."

मी ब्रश टेकवला.

"मामाजी, काय करून राहिले?"

"डोक्याले लावून राहिलो."

"थे तलवार हाय."

मी ब्रश सरकवला. मग त्यांनी माझ्या हातातून तो गडी हळूच काढून घेतला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"दिसत नाही थे."

मी म्हणालो, उजेड कमी आहे. जेठातल्या दुपारी, पत्र्याखाली बसून! मग म्हणालो, ब्रश बारीक आहे. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माग पाठीसाठी नाही बंद केला ना तुमी?"

हे मी शोभाला सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही. दोन वर्षांपूर्वी काठातले धागे एकमेकांत मिसळायला लागले, तेव्हा मी पाठीवर हात ठेवला आणि माग झाकून टाकला. आंधळा म्हणून कुणी हात धरून न्यावं याची मला भीती वाटते. मी बशीतला ब्रश धुवायला घेतला.

शोभाने पानं वाढली. धोंडे, तूप, कढी, सगळं. पाय धुणं एकदाचं झालं. मी म्हणालो, "जवाईबापू, तुमचं वाण तर आम्ही खराब केलं. आता तुमीच सांगा काय देऊ."

"उद्या भंडाऱ्याले डोळ्याच्या डॉक्टरकडे चला," ते म्हणाले. "माह्यासंगं."

शोभाचा हात वाढता वाढता थांबला. दीपमाला माझ्याकडे पाहू लागली.

"उद्या?" मी म्हणालो. "अन् फौज? अर्धी तर अजून हिरवीच हाय. परवा सामने..."

"सामने पुढच्या वर्षी बी होतात."

"डोळे बी कुठं पळून जात नाही. पाहू पुढच्या महिन्यात."

चंदनरावांनी ताट दूर सारलं आणि हाताची घडी घालून बसले. "मंग मी बी पुढच्या महिन्यात जेवतो."

मी शोभाकडे पाहिलं. तिला आता हसू येत नव्हतं, ती डोळे पुसत होती. दीपमालेकडे पाहिलं, तिने मान फिरवली. ज्या माणसाने काही मागावं म्हणून आम्ही दोन वर्षं झुरलो, त्याने मागून मागून हे मागितलं होतं, आणि या महिन्यात जावयाला नाही म्हणता येत नाही. धोंडे निवत होते. मी उगाचच खूप खोकलो.

"येतो," मी म्हणालो.

"सकाळच्या पहिल्या बसनं."

"येतो ना म्हटलं!"

चंदनरावांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. "मामीजी, तूप आणा इकडं," ते म्हणाले. "कमी वाढलं."